भिंगरीचे वडील

माणसाचा संसार कसा चाललाय ते मला त्याच्या तोंडावरून कळत नाही, गादीवरून कळतं. गाद्यांच्या दुकानात जन्म गेला, दुसरं काय कळणार! लग्न ठरलेली जोडपी येतात, डबल गादी सांगतात, आणि मऊ हवी की कडक असं विचारलं की लाजून एकमेकांकडे बघतात. तीच जोडपी पंचवीस वर्षांनी ती गादी रिक्षात घालून परत आणतात आणि म्हणतात, उसवून दोन सिंगल करून द्या, हे फार घोरतात. भांडण नाही, तंटा नाही, नुसता कापूस वेगळा. आमच्या एका गिऱ्हाइकाला तीन बायका होत्या. तो तीन गाद्या करून घ्यायचा आणि तिन्ही माझ्यासमोर काट्यावर चढवायचा. जरा कमीजास्त भरलं की उसवा परत. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, कापूस आहे तो, सोनं नाही." तर म्हणाला, "बाई, सोन्यात कमीजास्त एक वेळ चालेल. सोनं कपाटात असतं. गादीवर रोज पाठ टेकायची असते."

माझं स्वतःचं लग्न म्हणाल तर अगदी सरळ. एक नवरा, एक बायको, एक डबल गादी. आमचे हे गल्ल्यावर बसायचे, हातात वर्तमानपत्र. ते वर्तमानपत्र ही माझी सवत. सकाळी माझ्या आधी त्यांच्या हातात पडायचं आणि दुपारी त्यांच्या छातीवर झोपायचं. जन्मभर मी त्यांच्यावर तणतणले. आता ते नाहीत, तर तणतणायला कोणी नाही म्हणून जीव कासावीस होतो. जाऊ दे. सांगत होते धाकट्यांचं.

धाकटे आले तेव्हा हे होते. दारात एक सडपातळ माणूस उभा, डोंगराकडचा, काम मागत होता. ह्यांनी विचारलं, "नाव काय?"

"धाकटा."

"अहो, नाव विचारलं."

"घरी धाकटाच म्हणतात. थोरला घरी असतो."

तेच नाव पडलं. हातात दाभण घेतलं की हा माणूस वेगळाच. गादीच्या काठाला असे टाके घालायचा की फुटपट्टी लावून बघावं. पण स्वभाव? देवा रे! दारात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे सरावं लागतं, आणि तो एक म्हणजे कायम धाकटे. नळावर शेवटी, डबा उघडायला शेवटी, पगार घ्यायलाही शेवटी. मला असल्या गरीब गाईसारख्या माणसांचा राग येतो. मी ओरडायचे, "धाकटे, जरा स्वतःचं बघायला शिका!" ते हसायचे आणि म्हणायचे, "बघतो, ताई." बघायचे मात्र नाहीत.

आमच्याकडे कापूस पिंजायच्या मशीनवर जो पिंजारी आहे, त्याला दोन बायका. त्याच्या लोकांत चालतं. दोन बायका, फजिती ऐका, अशी म्हण आहे, आणि ती फजिती आम्ही रोज डबा खाताना ऐकायचो. "मोठीला उशी नेली की दुसरीला उशी. दुसरीला चप्पल घेतली की मोठीलाही चप्पल, मग तिच्या पायातली नवीकोरी का असेना. आणि माझी चप्पल बघा, बाई, माझी!" असं म्हणून तो पाय वर करून दाखवायचा.

"आपसात भांडतात का रे?"

"आपसात? छे! आपसात गळ्यात गळे. भांडायचं ते माझ्याशी, आणि तेही पाळीने. एक दमली की दुसरी. मी म्हणजे त्या मशीनमधला कापूस आहे, बाई."

असंच एकदा बोलता बोलता त्याने धाकट्यांना विचारलं, लग्न झालंय का. झालंय म्हणाले. मुलंबाळं? "तीन आहेत आमची. दोन मुलगे, मग मुलगी."

"आमची म्हणजे?"

"म्हणजे माझी आणि दादाची."

पिंजाऱ्याला असा ठसका लागला की दोघांनी पाठ थोपटली. हे पेपरमधून पहिल्यांदाच वर बघत होते. मी म्हटलं, "धाकटे, नीट सांगा, नाहीतर हा इथेच मरेल."

तर त्यांनी नीट सांगितलं, दाभणात सुतळी ओवता ओवता, जसं काही आपण घराचा पत्ता सांगतोय. त्यांच्याकडे डोंगरउतारावर शेत तळहाताएवढं. भावाभावांनी वेगवेगळी लग्नं केली की दोन चुली होणार, शेताचे दोन तुकडे होणार, आणि कोणाचंच पोट भरणार नाही. म्हणून घरात सून एकच आणायची. नवरे सगळे भाऊ. एक शेत बघतो, एक बाहेर कमावतो, आणि घराच्या किल्ल्या तिच्याकडे.

"आणि तिला कोणी विचारतं का?" मी फणकारले.

"विचारतात ना. पहिल्या वर्षात मन लागलं नाही तर ती परत जाऊ शकते." मग मान खाली घालून हळूच म्हणाले, "ती नाही गेली."

काय तो अभिमान होता आवाजात! मला एकच नवरा सांभाळताना नाकी नऊ आलेले, आणि ही बाई दोन सांभाळते म्हणजे तिच्या पाया पडायला हवं, असं मला वाटलं. पण शंका काही सुटत नव्हत्या. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला सवत म्हणतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं? मी ह्यांना विचारलं. ते पेपरात तोंड घालूनच म्हणाले, "दादा म्हणायचं. तो म्हणतोय की."

पिंजाऱ्याला आता जोर चढला. "धाकटेभाऊ, मला नवरेपण दुप्पट आणि तुम्हाला अर्धं. चला, वाटून घेऊ!" धाकटे सगळ्यांबरोबर हसले. नंतर कोणी नसताना मी त्यांना सरळ विचारलं, "खरं सांगा, आत कुठे जळत नाही का?"

त्यांनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणाले, "सुरुवातीला जळायचं, ताई. मग एका थंडीत मी तापाने पडलो. दादा मला पाठीवर घेऊन डोंगर उतरला, दवाखान्यापर्यंत. आता ज्याच्यावर जळायचं तोच पाठीवर घेऊन चाललाय म्हटल्यावर माणूस जळणार तरी किती?"

"आणि मुलं कोणती कोणाची?"

तेव्हा मात्र त्यांनी दाभण खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं तेवढंच पाहिलं. "ते आमच्याकडे विचारत नाहीत. विचारलं की घर फुटतं. मुलं घराची." मी जीभ चावली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

गाद्यांचं काम मंद पडलं की धाकटे दोनेक महिने घरी जायचे. ते पोचले की थोरले मेंढरं घेऊन वरच्या कुरणात राहायला जात. कोणी सांगायचं नाही, ठरवायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. इथे शहरात सख्खे भाऊ गाडी उभी करायच्या जागेवरून डोकी फोडतात.

मग एका वर्षी धाकटे परत आले ते हाताला पोर धरून. गावातली शाळा संपली होती आणि हिला पुढे शिकायचं होतं. दोन्ही मुलगे शेतात रमलेले, पण ही अशी चळवळी की एका जागी ठरेल तर शपथ! पिंजाऱ्याने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव भिंगरी ठेवलं. दुकानामागच्या खोलीत बापलेक राहायला लागले. ती त्यांना बाबा म्हणायची. घरच्या थोरल्यांनाही बाबाच म्हणायची. दोघे एका वेळी एका छपराखाली सहसा नसायचे, त्यामुळे अडायचं नाही कुठे.

त्या माणसाने ती पोर कशी वाढवली ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. वेणी घालायला माझ्याकडून शिकले. गादीला टाके घालणारे हात ते, वेणी इतकी घट्ट घालायचे की पोरीच्या भुवया कपाळावर चढायच्या आणि दिवसभर ती कशाचं तरी नवल वाटल्यासारखी हिंडायची. तिचं दप्तर गादीच्या खोळीच्या कापडाचं, पट्टे पट्टे असलेलं. मुलं चिडवायची, पण ते दप्तर शाळा संपली तरी फाटलं नाही. एकदा सकाळी सकाळी धाकटे माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा लालबुंद.

"ताई, तुम्ही जरा खाली... तिला... म्हणजे मला काही..."

"अहो, झालं काय?"

"ती मोठी झाली," म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागले. मी धावत खाली गेले, तर पोरगी मजेत पाव खात बसलेली. म्हणते, "मावशी, मला काही झालेलं नाही. बाबांना कोणीतरी समजवा."

भिंगरी नर्स झाली. तिच्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये एक मुलगा रक्त तपासायचा. त्याने हिच्या वॉर्डातल्या पेशंटांचं रक्त जरुरीपेक्षा जास्त वेळा तपासायला सुरुवात केली, तेव्हाच पिंजारी म्हणाला होता, बाई, डबल गादीचा कापूस काढून ठेवा. मुलगा साधा, हसरा, जरा बावळट. भिंगरीने त्याला आपल्या घराचं सगळं सांगितलं होतं. त्याला काही वाटलं नाही. "आईला मी सांगतो," म्हणाला. आणि सांगितलं नाही! आईपुढे ह्या मुलग्यांची वाचाच बसते.

त्याची आई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. मी तिला टपालबाई म्हणते. एकटीने मुलगा वाढवलेला, तोंडाने फटकळ, पण चोख बाई. तिने निरोप धाडला की मुलीचे आईवडील येऊ देत, रविवारी भेटू, बोलणी करू.

धाकट्यांची झोप उडाली. दोन दिवस टाके वाकडे पडायला लागले, तेव्हा मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. शेवटी आले माझ्यापुढे. "ताई, त्या विचारतील, मुलीचे वडील कोण. काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं."

"शहरातल्या माणसांना ते कळायचं नाही. लग्न मोडेल. आमच्याकडे तसाही नावाला बाप थोरलाच असतो. दादा वडील, मी काका. मी तिला सांगतो, एक दिवस मला काका म्हण."

माझं डोकंच फिरलं. "काका? आणि तिच्या वेण्या कोणी घातल्या? तिच्या तापाला रात्र रात्र कोण जागलं?"

"काकाही घालतो की वेण्या," म्हणाले.

मी हातातली खोळ त्यांच्या अंगावर फेकली. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, मी ह्या खोट्यात नाही. भिंगरी तर माझ्यापेक्षा भडकली. "नाही म्हणणार काका! तुम्हीच आधी मला पुतणी म्हणा. म्हणून दाखवा ना!" धाकट्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शब्द काही बाहेर येईना. पण माणूस असा चिवट की तरी हटला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "तुला तो मुलगा हवाय ना? मग एका दिवसाने माझं काय झिजतंय?" पोरीने डोळे पुसले आणि मान हलवली. तिला मुलगा हवाच होता.

शनिवारी बसने थोरले आणि भिंगरीची आई आली. मी मुद्दाम स्टँडवर गेले होते. म्हटलं, दोन नवऱ्यांची बायको दिसते कशी ते बघावं तरी. ठेंगणी, चटपटीत बाई, केस पिकलेले, डोळे तरतरीत. धाकट्यांना बघितल्यावर ती हसली नाही, रडली नाही, काही बोललीही नाही. पुढे आली, त्यांच्या कानामागे अडकलेला कापसाचा पुंजका काढला आणि फुंकर मारून उडवून दिला. थोरले त्या वेळी बसच्या टपावर आपलं बोचकं शोधत होते. बोचकं त्यांच्या हातातच होतं.

रात्री झोपायचं कुठे, तर खोली एकच. थोरले म्हणाले, मी दुकानात गाद्यांवर झोपतो, तुम्ही दोघं खोलीत. धाकटे म्हणाले, छे, दादा, तू पाहुणा, मी दुकानात. सकाळी मी शटर उघडलं, तर दोघे भाऊ दुकानात दोन टोकांना घोरतायत आणि खोलीत बाई एकटी ऐसपैस. मला म्हणाली, "जन्मभर हे असंच. तू घे, नको तू घे. शेवटी वस्तू तिथेच राहते." मी खो खो हसले. संध्याकाळी हेच हसू घशात अडकणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

बैठक वर माझ्या घरात. मी चहा ठेवला, बिस्किटं मांडली. एका बाजूला टपालबाई आणि मुलगा, समोर थोरले, बाई आणि धाकटे, भिंगरी माझ्या शेजारी. हवापाण्याचं बोलून झालं. प्रवासाचं झालं. मग टपालबाईंनी कप हातात घेतला आणि दोन्ही पुरुषांकडे बघून विचारलं, "तर, मुलीचे वडील कोण?"

"हे," धाकटे थोरल्यांकडे बोट करून म्हणाले.

"हा," थोरले धाकट्यांकडे बोट करून म्हणाले.

अगदी एकाच वेळी. कप्पाळ माझं! थोरल्यांनी येताना बसमध्ये आपलं वेगळंच ठरवलं होतं आणि ते एका शब्दाने कोणाला सांगितलं नव्हतं. पोर धाकट्याने वाढवली, मान धाकट्याचा, एवढं त्यांच्या डोक्यात. दोघांची बोटं एकमेकांकडे रोखलेली तशीच राहिली.

"दादा, वडील तू."

"मी कुठला? तू म्हण."

"नाही, नाही, दादाच."

"अरे, तुझी आहे, तू घे."

टपालबाईंनी कप बशीत ठेवला. त्यांचा चेहरा बदलला होता. "म्हणजे? पोरीला आपली म्हणायला दोघांतलं कोणीच तयार नाही का?"

हे असं काही होईल, असं आमच्यातल्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. जन्मभर ज्या चांगुलपणावर ते घर उभं होतं, त्यानेच भर बैठकीत पोरीला पोरकं केलं. भिंगरी ताडकन उठली.  "द्या, अजून द्या एकमेकांना!" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग मला राहवेना. मी ह्या खोट्यात नव्हतेच, तेव्हा मी खरं सगळं सांगून टाकलं. शेत, भाऊ, एक सून, किल्ल्या, कुरण, वेण्या, दप्तर, सगळं. मुलगा मान खाली घालून बुटाकडे बघत होता. टपालबाई ऐकत राहिल्या. कधी ह्याच्याकडे बघत, कधी त्याच्याकडे.

"एक बाई आणि दोन नवरे," शेवटी म्हणाल्या. "उलटं ऐकलंय. हे नव्हतं ऐकलं."

भिंगरीच्या आईने अगदी सहज विचारलं, "तुमचे एक कुठे आहेत?"

मी मनात म्हटलं, मेलो आता सगळे! पण टपालबाईंनी नजर चुकवली नाही. "गेले. मेले नाहीत, नुसते गेले. हा चार वर्षांचा होता." त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "शाळेत सगळे ह्याला विचारायचे, तुझे बाबा कुठे? मला ऑफिसात विचारायचे. जन्म उत्तरं देण्यात गेला. म्हणून मला असं घर हवं होतं, जिथे कोणाला काही विचारावंच लागणार नाही. आणि तुमच्याकडे तर पहिल्याच प्रश्नाला दोन बोटं दोन दिशांना!"

 टपालबाई चुकत तर काहीच नव्हत्या.

मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मुलगी चांगली आहे, मला मोडायचं नाही. पण उद्या लोक विचारणार. हल्ली तपासण्या निघाल्यात, माझा मुलगाच त्या लाइनीत आहे. एकदा काय ते कळून जाऊ दे. ज्याची असेल त्याची. मग मी ताठ मानेने सांगेन."

"आई!" मुलगा कळवळून म्हणाला.

थोरल्यांनी डोळे मिटून घेतले.  

भिंगरीची आई पुढे सरकली. आवाज चढला नाही तिचा, उलट खाली आला. "तपासून घ्या, विहीणबाई. आमचं काही जात नाही, एक थेंब रक्त. पण एक सांगा. ज्याची निघणार नाही, त्याला मी काय सांगू?"

  टपालबाई आपल्या मुलाकडे बघत राहिल्या. काय बघत होत्या कोण जाणे. रक्ताचा असून निघून गेलेला माणूस डोळ्यांपुढे आला असेल बहुतेक. 

मग त्यांनी मान वळवली, ती धाकट्यांकडे. "तुम्ही सांगा. दादांकडे बघू नका, बायकोकडे बघू नका. तुम्ही कोण हिचे?"

 मला वाटलं, झालं! आता हा माणूस परत मागे सरणार. दारात उभा असल्यासारखा अंग चोरून म्हणणार, आधी तुम्ही. भिंगरी खिडकीशी पाठमोरी, पण तिचे खांदे आवळलेले मला दिसत होते. मी मनातल्या मनात किंचाळत होते, अहो बोला, आता नाही बोललात तर कधी बोलणार?

धाकट्यांनी खाकरून घसा साफ केला. नजर आपोआप थोरल्यांकडे गेली, मग त्यांनी ती ओढून परत आणली. ते उभे राहिले. का उभे राहिले, त्यांनाही कळलं नसावं.

"मी बाप," म्हणाले. "मी हिचा बाप आहे." एवढ्याने त्यांचा आवाज फाटला. मग दोन्ही हातांनी डोळे पुसत म्हणाले, "हा दादाही आहे. पण मी आहे."

थोरल्यांनी इतक्या जोरात श्वास सोडला की मला वाटलं त्यांनी तो बसमध्ये चढल्यापासून धरून ठेवला होता. मी तर ढसाढसा रडत होते, लाज सोडून. टपालबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या मुलाला सासरे दोन होतील तर होऊ देत. त्याचा बापाचा हिशेब तरी कुठे पुरा झाला होता!"

आणि भिंगरी गर्रकन वळली. नाकडोळे लाल, वेणी सुटलेली, रागाने नुसती फणफणत होती. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ओरडली, "एवढंच बोलायचं होतं, तर एवढा वेळ लावायचा का, बाबा?"

"अगं..." धाकटे म्हणाले.

"अगं..." थोरले म्हणाले.

अगदी एकाच वेळी.